मशीन थांबवायची कोणी?

युरियाच्या रिकाम्या पोत्याचा एक दोरा कापसात पडला तर तो कोणालाच दिसत नाही, पांढऱ्यात पांढरा. वेचणाऱ्या बाईला दिसत नाही, ट्रॅक्टरमध्ये भरणाऱ्याला नाही, खरेदीवाल्यालाही नाही. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करतात त्या कारखान्यात, तो रुईसोबत रोलरमध्ये ओढला जातो, पिंजून त्याचे बारीक तुकडे होतात, १७० किलोच्या गाठीत दाबला जातो, गाठ ट्रकनं कोइमतूरकडे जाते, तिथे सूत होतं, सुताचं कापड होतं, आणि कापड रंगवून बाहेर आलं की तो दोरा पहिल्यांदा दिसतो, कारण ते प्लास्टिक सुती कापडाचा रंग घेत नाही. निळ्या कापडावर बारीक पांढरट रेघ. मधे कित्येक महिने गेलेले असतात. मग तक्रार उलट्या वाटेनं निघते, कापडवाला गिरणीला बोलतो, गिरणी जिनिंगवाल्याला, जिनिंगवाला व्यापाऱ्याला, व्यापारी कास्तकाराला, आणि कास्तकार वावरात येऊन बायांवर ओरडतो की नीट वेचत जा न वो बाई. तिथे तक्रार संपते, कारण त्यांच्या खाली ओरडायला कोणी उरत नाही.

मी बरीच वर्षं नागपूरजवळ बुटीबोरीला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. आता गावी असतो, वर्धा जिल्ह्यात, घरची पऱ्हाटी (कापसाचं पीक) आणि तूर पाहतो आणि सीझन लागला की संध्याकाळी हिंगणघाट रोडवरच्या एका जिनिंगमध्ये जाऊन बसतो, तिथे आमचा दादा सुपरवायझर आहे, चुलतभाऊ. चहा होतो, गोष्टी होतात, आणि मधूनमधून माझ्यातला जुना क्वालिटीवाला जागा होऊन दादाचं डोकं खातो. दादाचं म्हणणं असं की हे जपानी-फिपानी सगळं कंपनीत ठीक हाय बाप्पा, कापसात नाई चालत. मला उलटं वाटतं. क्वालिटीच्या इतक्या थिअऱ्या आल्या-गेल्या, पण त्या सगळ्या खरवडल्या तर खाली एकच प्रश्न निघतो, माल बिघडून राहिला हे ज्याला पहिल्यांदा दिसलं त्याला मशीन थांबवायचा हक्क आहे का. बाकी चार्ट, बेल्ट, सर्टिफिकेट हे सगळं त्याच्या वरचं.

आणि गंमत बघा, ही गोष्ट सुरुवातीपासून सांगायला बसलं की पहिलं नाव जिनिंगवाल्याचंच येतं. एली व्हिटनी. अमेरिकेत १७९३ साली यानं कापसाची जीन बनवली, करवतीच्या दात्यांची, आपल्याकडे चालते ती रोलरची जीन वेगळी. पेटंटच्या भांडणात त्याला त्यातून फारसे पैसे सुटले नाहीत, म्हणून १७९८ मध्ये त्यानं सरकारकडून दहा हजार बंदुकांचं कंत्राट घेतलं आणि दोन वर्षांत देतो म्हणून सांगितलं. शेवटची बंदूक गेली १८०९ मध्ये! मधे १८०१ साली त्यानं वॉशिंग्टनला मोठ्या लोकांसमोर सुट्या भागांचे ढीग ठेवले आणि कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीत बसतो असं करून दाखवलं, सगळे खुश. खूप नंतर इतिहासकारांनी त्याच्या कारखान्यातल्या शिल्लक बंदुका खोलून पाहिल्या तर भाग एकमेकांत बसेनात, उलट जुळणीच्या खुणा केलेल्या सापडल्या. म्हणजे तो डेमो बहुतेक आधीच जुळवून ठेवलेला होता. ऑडिटच्या आदल्या रात्री मशीनला रंग मारणाऱ्यांनी फार लाजायचं काम नाही, परंपरा जुनी आहे.

पण विचार खरा होता आणि तो एकट्या व्हिटनीचा नव्हताच, फ्रान्समध्ये ओनोरे ब्लांक नावाचा बंदूकवाला हे आधीच करत होता आणि पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसननं ते १७८५ मध्ये तिथे पाहिलं होतं. आमच्या गावचा सुतार तिफणीचं दांडं बसवायचा तेव्हा तासून, ठोकून, परत तासून त्या एका तिफणीपुरतं बसवायचा, दुसऱ्या तिफणीला ते चालायचं नाही, आणि त्यात वाईट काही नव्हतं कारण तिफण मोडली तर सुतार गावातच होता. सैन्याजवळ लढाईत सुतार नसतो. म्हणून मापं आली, गेज आले, बसला तर पास नाहीतर फेल, आणि मापं आली म्हणून मापणारा माणूस आला. इथे एक फाटा फुटला जो अजून भरून आला नाही, बनवणारा वेगळा आणि पारखणारा वेगळा. फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनियरनं १९११ साली शास्त्रशुद्ध व्यवस्थापन म्हणून जे मांडलं त्यात तर डोकं साहेबाचं आणि हात कामगाराचे अशी वाटणीच झाली. मोठ्या कारखान्यांत इन्स्पेक्शनचं डिपार्टमेंट झालं, लाईनच्या शेवटी माणसं बसवली, चांगला माल इकडे आणि खराब तिकडे.

आमच्या दादाचं जिनिंग आजही याच पायरीवर आहे. कापसाच्या गंजीपाशी बायांची रांग बसते, समोरून कापूस सरकतो आणि त्यांनी त्यातून घाण काढायची. प्रत्येकीजवळ एक बादली. एकदा मी एक बादली फरशीवर उपडी करून पाहिली, म्हणजे काय काय निघते ते तरी कळावं. सुतळीचे तुकडे, निळ्या ताडपत्रीची झालर, गुटख्याच्या पुड्या, कोंबडीचं पीस, लांब केसांची गुंडाळी, साडीच्या काठाची जर, बिडीचं थोटूक, एक कानातलं, आणि पोत्याचे दोरे, दोरेच दोरे. बाजूच्या बाईनं ते कानातलं उचललं, पदराला पुसून पाहिलं आणि 'खोटं हाय' म्हणून परत टाकलं. हे सगळं दिसलं ते निघालं. न दिसलेलं गाठीत गेलं. कोणतंही डोळ्यांनी केलेलं शंभर टक्के इन्स्पेक्शन शंभर टक्के नसतं हे क्वालिटीवाल्या कोणालाही विचारा, डोळा थकतो, त्यात सीझनला धूळ आणि कापसाची भुकटी अशी की बायांच्या पापण्या पांढऱ्या होतात. शेठजीचा उपाय काय, तर अजून चार बाया वाढवा.

ही पायरी ज्यानं ओलांडली तो वॉल्टर शूहार्ट. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न नावाचा अवाढव्य कारखाना होता, टेलिफोनचं सामान बनायचं. १६ मे १९२४ ला शूहार्टनं साहेबाला एक टिपण दिलं, जेमतेम एका पानाचं, त्यात एक आकृती. तोच कंट्रोल चार्ट. मधे सरासरीची रेघ, वर एक आणि खाली एक हद्दीची रेघ, आणि वेळेप्रमाणे टिंबं टाकत जायची. म्हणणं साधं होतं, कुठलीही दोन कामं हुबेहूब होत नाहीत, थोडं वर-खाली होणारच, ते त्या कामाच्या रचनेतच आहे. टिंबं हद्दीत नाचत असतील तर रोज कोणाला तरी धरून विचारण्यात अर्थ नाही, एखादं टिंब बाहेर उडालं तर मात्र त्या दिवशी काहीतरी वेगळं घडलंय, ते शोधा. आणि त्याच हॉथॉर्नमध्ये १९२४ साली जुरान नावाचा तरुण कामाला लागला, पुढच्या दोन उन्हाळ्यांत डेमिंग नावाचा विद्यार्थी येऊन काम करून गेला. पुढे जगाला क्वालिटी शिकवणारी ही माणसं एकाच कारखान्याच्या गेटातून आत-बाहेर करत होती.

हे मी दादाला समजावलं ते ओलाव्यावरून. आधारभूत किमतीच्या खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्के धरतात, त्याच्यावर गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की घेतच नाहीत, हे प्रत्येक कास्तकाराला पाठ आहे. मीटर खुपसतात, आकडा येतो आणि लाईनीत उभ्या माणसाचा चेहरा त्या आकड्यावर हलतो. मी दादाला म्हटलं की येणाऱ्या गाड्यांचा आकडा एका कागदावर टिंबं करून टाकत जा, दुसरं काही नको. कॅलेंडरचं फाडलेलं पान घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारल्या, वजनकाट्याच्या खिडकीशेजारी चिकटवलं. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत टिंबं वर होती, थंडी-ऊन सरकत गेलं तशी सगळी हळूहळू खाली उतरली, यात कोणाची चलाखी नाही आणि कोणाचा आळस नाही, हवामान आहे. पण एका दिवशी पाठोपाठच्या गाड्यांची टिंबं एकदम वर. कापूस वेगवेगळ्या गावांचा, कास्तकार वेगवेगळे. दादानं विचारलं तर त्या गाड्या आदल्या संध्याकाळपासून गेटबाहेर उभ्या होत्या, आत जागा नव्हती म्हणून, आणि रात्रभर दव पडलं होतं. म्हणजे ओलावा वावरातला नव्हता, आमच्या गेटवरचा होता! आणि कापणार कोणाचे, कास्तकाराचे. चार्ट नसता तर 'पाणी मारून आणते बे हे लोकं' असं म्हणून विषय संपला असता, आणि म्हणणारे होतेच. (पाणी मारणारेही असतात, मी काही सगळ्यांना संत म्हणून नाही राहिलो.) तेव्हापासून रात्री थांबणाऱ्या गाड्यांना ताडपत्री द्यायचं ठरलं. निळी ताडपत्री, जिची झालर परत बादलीत निघते, पण तो विषय वेगळा.

डेमिंगनं हेच पुढे नेलं आणि माझ्या मते सगळ्यात टोचणारं तोच बोलला. तो लेक्चरमध्ये एक खेळ करायचा, लाल मण्यांचा. पेटीत चार हजार मणी, ३,२०० पांढरे आणि ८०० लाल. पन्नास खळग्यांची फळी बुडवायची आणि मणी उचलायचे, पांढरे चांगले आणि लाल म्हणजे रिजेक्शन. श्रोत्यांतले काही लोक कामगार व्हायचे, डेमिंग फोरमन. ज्याच्या फळीत कमी लाल आले त्याची पाठ थोपटायची, जास्त आले त्याला झापायचं, शेवटी काहींना कामावरून काढायचं. आता पेटीतच पाचातला एक लाल आहे म्हटल्यावर कोणीही बुडवा, दहाच्या आसपास लाल येणारच, कधी सहा कधी चौदा, त्यात त्या बिचाऱ्याची हुशारी ना चूक. लोक हसायचे. हसता हसता काहींना आपलं ऑफिस आठवत असणार. बिघाडाचा ९४ टक्के भाग व्यवस्थेतून येतो आणि व्यवस्था बदलणं साहेबाच्या हातात असतं, असा त्याचा अंदाज होता.

आमच्या कंपनीत हा खेळ रोज सकाळी व्हायचा, फक्त मणी नव्हते. शिफ्टच्या आधी सगळे उभे, ज्याच्या मशीनवर कालचं रिजेक्शन जास्त त्याच्या मशीनला लाल कार्ड. मागे भिंतीवर 'शून्य दोष हेच आमचे ध्येय'. एका ऑपरेटरच्या मशीनवर महिनाभर तेच कार्ड लटकत होतं, दुसऱ्या शिफ्टला बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, वाकडा येत होता. तो सांगत होता की साहेब, पाचच्या नंतर क्लॅम्प ढिला धरते. त्याला उत्तर मिळायचं, तू मशीन चालव. शेवटी मेंटेनन्सच्या एका पोरानं हवेच्या लाईनवर प्रेशर पाहिलं तर पाचनंतर बाजूच्या शॉपची मशिनं सुरू झाली की कॉम्प्रेसर पुरत नव्हता, प्रेशर पडायचं आणि पार्ट पकडून ठेवणारा क्लॅम्प हवेवर चालणारा. तिथे एक छोटी टाकी बसवली आणि काम झालं. लाल कार्ड निघालं पण कोणी त्याला सॉरी म्हटलं नाही, पुढच्या दिवशी ते दुसऱ्या मशीनला लागलं. भीती घालवा आणि घोषणा काढून टाका, हे डेमिंगच्या चौदा मुद्द्यांतले दोन. आमच्याकडे ते चौदा मुद्दे फ्रेम करून घोषणेच्या बाजूलाच लावले होते.

जपानची गोष्ट सगळ्यांना थोडीफार माहीत असते. युद्धात देश बेचिराख, जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू असं नाव झालेलं. तिथल्या शास्त्रज्ञ-इंजिनियर लोकांच्या संघटनेनं १९५० च्या उन्हाळ्यात डेमिंगला बोलावलं, त्यानं इंजिनियरांना शिकवलंच पण मोठ्या कंपन्यांच्या मालकांनाही समोर बसवून शिकवलं, त्या लेक्चरांच्या छापील पुस्तकाचं मानधन संघटनेलाच देऊन टाकलं आणि त्यातून १९५१ मध्ये डेमिंग प्राइझ सुरू झालं. १९५४ मध्ये जुरान गेला, त्यानं मॅनेजरांना सांगितलं की सगळ्या दोषांमागे पळू नका, मोजकी कारणंच बहुतेक नुकसान करतात ती पकडा. तिथल्याच इशिकावानं बिघाडाची कारणं शोधायला माशाच्या काट्याची आकृती दिली आणि १९६२ पासून क्वालिटी सर्कल सुरू झाली, कामगारांचे छोटे गट स्वतःच बसून आपल्या कामातले प्रश्न सोडवणार. आणि अमेरिकेला डेमिंग कळला कधी, तर १९८० मध्ये टीव्हीवर जपानवरच्या एका कार्यक्रमात तो दिसला तेव्हा, म्हातारा तोपर्यंत ऐंशीला टेकला होता. घरकी मुर्गी!

क्वालिटी सर्कल आपल्याकडेही १९८० मध्ये आली, भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यात. आमच्या कंपनीपर्यंत पोचेपर्यंत तिची स्पर्धा झाली होती, गटांना नावं (गरुड, वाघ, शिवनेरी), प्रेझेंटेशन आणि शेवटी नाटुकली. नाटुकली खरंच छान व्हायच्या, एक वेल्डर तर जुन्या साहेबाची अशी नक्कल करायचा की हसून हसून पोट दुखायचं. प्रश्न सुटायचे का? कधीमधी. बहुतेक वेळा आधी उत्तर ठरायचं आणि मग त्याच्यामागे माशाचा काटा काढला जायचा.

मला मात्र या सगळ्यात जी गोष्ट आपली वाटते ती मागाची आहे. साकिची टोयोडा, १८६७ चा जन्म, बाप सुतार, आई घरी मागावर विणायची. हा पोरगा आयुष्यभर मागच सुधारत बसला. १९२४ मध्ये, म्हणजे शूहार्टनं ते टिपण लिहिलं त्याच वर्षी, त्यांचा ऑटोमॅटिक माग तयार झाला ज्याची खुबी ही की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. आधी काय व्हायचं, धागा तुटला तरी माग धडाधड चालत राहायचा आणि वारभर कापड खराब झाल्यावर बाईचं लक्ष जायचं, म्हणून प्रत्येक मागावर कोणीतरी डोळे लावून बसायला लागायचं. आता माग स्वतःच सांगतो की माझं बिघडलं, म्हणून एक बाई कितीतरी माग सांभाळू शकते. या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं घेतले, ही कंपनी कापसाच्या जीनही बनवायची, आणि साकिचीच्या पोराला मोटारीचा नाद होता त्याला बापाच्या मागाच्या कमाईचा आधार मिळाला. टोयोटा मोटर कापसातून निघाली म्हटलं तर दादाला खोटं वाटते, पण खरं आहे. ज्या ताइइची ओनोनं पुढे टोयोटाची उत्पादन पद्धत उभी केली तो सुद्धा आधी टोयोडाच्या सूत-विणकामाच्या कंपनीतच होता, १९४३ मध्ये मोटारीकडे आला. त्यानं मागाचा तोच नियम माणसाला लावला. लाईनवर दोरी, कोणालाही गडबड दिसली की ओढायची, लीडर धावत येतो, गाडी पुढच्या खुणेपर्यंत जायच्या आत सुटलं तर ठीक, नाहीतर लाईन थांबते. सगळ्यात खालचा माणूस अख्खा कारखाना थांबवू शकतो. चार्ट नक्कल करता येतो, फॉर्म छापता येतो, ही दोरी मात्र फार कमी लोकांना जमली, कारण ती ओढल्यावर जो शिव्या खात नाही असा कामगार आधी तयार करायला लागतो.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं असं म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. १९४७-४८ च्या हिवाळ्यात शूहार्ट स्वतः भारतात होता, कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटनं, म्हणजे महालनोबिसांनी त्याला आणलं होतं. जपानमधली डेमिंगची ती लेक्चरं व्हायची होती तेव्हा आपल्याकडे त्याचा गुरू येऊन गेला. मग अडलं कुठे? माझं मत सांगतो, आपल्याकडे जे बनेल ते विकलं जात होतं. स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, मग हँडल थोडं वाकडं आलं तर कोण परत करणार. १९९१ नंतर बाहेरचा माल आला तेव्हा धावपळ झाली, १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक डिव्हिजनला डेमिंग प्राइझ मिळालं, भारतातली पहिली कंपनी, आणि २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला, जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी. महिंद्राचे ट्रॅक्टर नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीतही बनतात. म्हणजे जिनिंगच्या गेटवर कापूस घेऊन लाईनीत उभा असलेला लाल ट्रॅक्टर डेमिंग प्राइझवाला आणि ट्रॉलीतल्या कापसाला एक कापडी पोतं मिळेना.

आयएसओ ९०००, म्हणजे क्वालिटीच्या सर्टिफिकेटचं आंतरराष्ट्रीय मानक, आलं १९८७ मध्ये, त्यावर फार लिहायचं मन नाही. वाईट कल्पना नव्हती, काम कसं करतो ते लिहून ठेवा आणि लिहिल्याप्रमाणे करा. आमच्याकडे संध्याकाळी एक माणूस दिवसभराची रीडिंगं एका बैठकीत भरायचा, वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे खरं वाटावं. सिक्स सिग्मा तर १९८६ मध्ये मोटोरोलानं काढलं, दहा लाखांत ३.४ दोष, पुढे जनरल इलेक्ट्रिकनं गाजवलं आणि कराटेसारखे हिरवे-काळे बेल्ट आले. आमच्या एका साहेबाकडे ब्लॅक बेल्ट होता. कॉम्प्रेसर त्यालाही नाही सापडला.

तर जिनिंग. बिघाडाचं मूळ सापडायला पाच वेळा 'का' विचारा, असं ओनो सांगायचा, ते पाच वेळा 'काहून' विचारणं मी एका संध्याकाळी चहावर दादासोबत केलं. कापसात दोरा काहून येते? पोत्यातून. पोतं काहून वापरते? कापडी नाही म्हणून. कापडी काहून नाही? युरियाचं पोतं घरी फुकट पडलेलं आहे, कापडीला पैसे लागतात. मग कास्तकार ते पैसे काहून नाही घालत? कारण स्वच्छ कापूस आणला तरी भाव तोच. इथपर्यंत दादा पटापट उत्तरं देत होता. भाव काहून तोच, यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "ते शेठजीले इचार." शेठजी म्हणतात गिरणी जास्त देत नाही, गिरणी म्हणते तुमच्या शंभर गाठींतल्या कुठल्या स्वच्छ ते आम्हाला कसं कळावं. सरकारनं २०२० मध्ये कस्तुरी नावानं भारतीय कापसाचा ब्रँड काढला तो याच दुखण्यावर, गाठ कुठून आली ते शोधता यावं म्हणून. आमच्या गावात त्याचं नाव अजून कोणाच्या तोंडी ऐकलं नाही.

दादानं एवढं मात्र केलं की कापूस जिथून आत सरकतो त्या बेल्टच्या बाजूनं एक सुतळ, चुकलो, सुती दोर बांधला आणि स्विचला जोडला, आणि बसणाऱ्या बायांना सांगितलं की मोठं काही दिसलं, दोराचा गुंता, कापडाचा तुकडा, तर ओढा, कोणी बोलणार नाही. सीझनच्या सुरुवातीला ओढायच्या. आधी घाबरत, मग थाटात. एकदा तर अख्खी चप्पल निघाली. जानेवारीत आवक वाढली, गाड्यांची लाईन रोडपर्यंत गेली, गाठी बांधणाऱ्या प्रेसवाल्यांना गाठीमागे पैसे मिळतात त्यांची बोंब सुरू झाली की बेल्ट थांबला की आमची मजुरी बुडते, आणि एका सकाळी दोर वर पत्र्याला गुंडाळून ठेवलेला दिसला. कोणी गुंडाळला ते कोणी सांगेना. त्या प्रेसवाल्यांना मी दोष देत नाही, गाठीमागे पैसे देऊन वर क्वालिटी मागणं हा शेठजीचा लाल मण्यांचा खेळ आहे.

तेच वावरात. वेचणी किलोनं असते. माझी आत्या अजून वेचायला जाते, साठीची आहे, हात असा चालते की पाहत राहावं, बोंडातून पाचही पाकळ्यांचा कापूस एका झटक्यात ओढून ओटीत. तिला मी म्हटलं की पालापाचोळा नको यायला, कवडी (किडका, डागी कापूस) वेगळी ठेव, दव सुकल्यावर सुरू कर, केसाला फडकं बांध. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सकायचे दोन घंटे सोडू म्हन्तं, कवडी अलग करू म्हन्तं, मंग माह्ये किलो किती होईन ते सांग. मले कोण देते त्या दोन घंट्याचे?"

यावर डेमिंगचा अकरावा मुद्दा आहे, कोटा काढून टाका. तो मी आत्याला सांगितला नाही, दादाला सांगितला. आमच्या दोघांच्या मिळून जी पऱ्हाटी आहे तिच्यातली पहिली वेचणी यंदा किलोऐवजी रोजानं द्यायची, कापडी पोती आपण द्यायची, आणि तो कापूस जिनिंगमध्ये वेगळा उतरवून वेगळ्या गाठी बांधायच्या, एवढं शेठजीकडून कबूल करून घेतलंय. भाव काय लावणार ते शेठजी गाठी पाहून सांगणार आहेत, म्हणजे सध्या तरी जोखीम आमची. दादा अजून कुरकुर करून राहिला. परवा आत्यासमोरच म्हणाला, "रोजानं देल्लं का बाया बांधावर बसून गोष्टी सांगतेत."

आत्यानं सुपारी कातरता कातरता विचारलं, "तू काय किलोनं हायस का बापा तिथं? तुले त महिन्यानं भेटते न?"